कवितेखालचे नाव

डिसेंबर-जानेवारी हे आपल्याकडील शाळांच्या स्नेहसंमेलनांचे आणि वार्षिक अंकांचे दिवस. शाळा इंदूरची असो, बडोद्याची असो, हैदराबादची असो की पुण्याची, मराठी विभागाची घडण साधारण एकच असते: मुख्याध्यापकांचे मनोगत, क्रीडास्पर्धांचा वृत्तान्त आणि मग विद्यार्थ्यांच्या कथा, कविता, विनोद व कोडी. अंकाचे संपादन ज्यांच्याकडे येते त्या भाषाशिक्षकांना एक अनुभव बहुधा दरवर्षी येतो. सातवीतील एखाद्या मुलाने सुंदर अक्षरात लिहून दिलेली पावसाची कविता वाचता वाचता त्यांना शंका येते. दोन ओळी पुढे जाताच शंकेची खात्री होते. कविता बालकवींची असते. खाली नाव मात्र त्या मुलाचे असते, इयत्ता व तुकडीसह.

अशा वेळी बहुतेक शिक्षक ती कविता निमूटपणे बाजूला ठेवतात. काही जण मुलाला बोलावून 'ही चोरी आहे' असे सुनावतात. मुलगा गोंधळतो, आणि त्याचे गोंधळणे खोटे नसते. पहिलीपासून त्याला 'पुस्तकातील उतारा सुवाच्य अक्षरात उतरवून काढ' असे सांगण्यात आलेले असते. जो हुबेहूब उतरवतो त्याला शाबासकी मिळते. गाइडमधील निबंध पाठ करून लिहिला तर गुणही चांगले पडतात. मग तेच कृत्य वार्षिक अंकाच्या बाबतीत अपराध कसे ठरले, हे त्याला कोणी समजावून दिलेले नसते. 'कॉपी' हा शब्द त्याला ठाऊक असतो, परंतु त्याचा अर्थ परीक्षेच्या खोलीपुरता: चिठ्ठी लपवणे, शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावणे. 'कॉपीराइट म्हणजे कॉपी करण्याचा अधिकार' असा अर्थ एखाद्या मुलाने सांगितला तर वर्ग हसतो. पण शब्दशः पाहिले तर तो फारसा चुकलेला नाही. प्रश्न एवढाच उरतो, की तो अधिकार कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर मुलांना धाकाने नव्हे, समजुतीने कसे देता येईल, याचा विचार पालकांनी व शिक्षकांनी करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. लेखनावरील स्वामित्वाची कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर आली, आपल्या परंपरेत विद्या सर्वांचीच असे, असे पुष्कळदा म्हटले जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. छापखान्याशी जोडलेला कायदा बाहेरून आला हे खरे. इंग्लंडमध्ये असा पहिला कायदा १७१० साली अमलात आला आणि हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या काळात, १८४७ साली. परंतु दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून मिरवणे गैर आहे, ही जाणीव त्याहून कितीतरी जुनी आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात शब्दहरण आणि अर्थहरण या विषयाला स्वतंत्र अध्याय दिले आहेत. कोणती उचल क्षम्य, कोणती कवीला शोभादायक आणि कोणती केवळ निंद्य, याची त्याने केलेली वर्गवारी आजच्या परीक्षकांनीही वाचावी अशी आहे.

मराठीचे उदाहरण याहून जवळचे आहे. आपल्या संतांनी अभंगाच्या अखेरीस स्वतःचे नाव गुंफण्याची प्रथा पाळली. नामदेवांचा अभंग 'नामा' या मुद्रेने ओळखला जातो, जनाबाईंचा 'जनी' या मुद्रेने, तुकोबांचा 'तुका' या मुद्रेने. छपाई नव्हती, अभंग तोंडोतोंडी गावोगाव जात होते, अशा काळात ही नाममुद्रा म्हणजे रचनेच्या अंगावरच कोरलेले नाव होते. तेही पुसण्याचा प्रयत्न झालाच. सालोमालो नावाचा एक कीर्तनकार तुकोबांच्या अभंगांतील नाममुद्रा काढून तेथे आपली घालीत असे, अशी परंपरागत कथा आहे. आणि गाथेत सालोमालोवर तुकोबांनी रचलेले अभंग आहेत. येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्यांनी आपल्या घरच्या सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली असे सांगतात, त्या विरक्त पुरुषालाही आपल्या शब्दांची अशी अदलाबदल सोसली नाही. पैशावरचा हक्क सोडणे ही एक गोष्ट आणि शब्दाखालचे नाव पुसू देणे ही अगदी दुसरी गोष्ट.

हा भेद आजच्या कायद्यातही जसाच्या तसा आढळतो, म्हणून त्याकडे आरंभीच लक्ष वेधले.

आपल्या देशात सध्या लागू असलेला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. मोठी अलीकडची सुधारणा २०१२ सालची. कायद्याचे नाव काढताच पालकांच्या डोळ्यांसमोर मोठे ग्रंथकार, चित्रपट-निर्माते आणि न्यायालये येतात. वास्तविक मुलांना समजावताना सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. आठ वर्षांच्या मुलीने रविवारी दुपारी खडूंनी मोराचे चित्र काढले, तर त्या क्षणापासून त्या चित्राचा कॉपीराइट तिचा असतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, शिक्का लागत नाही, वर्तुळातील इंग्रजी 'सी' हे चिन्हही लागत नाही. नोंदणीची सोय आहे आणि वाद उद्भवल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते; परंतु हक्क उत्पन्न होतो तो निर्मितीबरोबर. वय आडवे येत नाही. मोर हुबेहूब साधला आहे की नाही हेही कायदा विचारीत नाही. तो इतकेच विचारतो, की हे तुझ्या हातचे आहे ना?

हे सांगितल्यावर मुलीचा चेहरा पाहावा. ज्याच्याजवळ स्वतःचे काही आहे त्यालाच दुसऱ्याच्या वस्तूची किंमत कळते. तेच मोराचे चित्र शाळेच्या फलकावर दुसऱ्या मुलीच्या नावाने लागले तर तुला काय वाटेल, हा प्रश्न तिला विचारा. उत्तर द्यायला तिला कोणत्याही कलमाची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे काय आपले होते आणि काय होत नाही, याची सीमा. मुले या बाबतीत फार कडक असतात. 'तिने माझी कल्पना चोरली' ही तक्रार प्रत्येक वर्गात ऐकू येते. येथे १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेला एक खटला सांगण्याजोगा आहे. आर. जी. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' नावाचे नाटक लिहिले होते. विषय होता निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबांचा परस्परांविषयीचा दुराग्रह आणि त्यातून वाट काढणारे तरुण प्रेमी. पुढे १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. आपल्याच नाटकावरून तो बेतला आहे असे वाटून आनंद न्यायालयात गेले आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. विषय, कल्पना, कथासूत्र, ऐतिहासिक किंवा पौराणिक प्रसंग यांवर कोणाचेही स्वामित्व नसते. स्वामित्व असते ते त्या कल्पनेला दिलेल्या रूपावर, म्हणजे शब्दांवर, मांडणीवर, घडवलेल्या प्रसंगांवर. प्रांतभेदावर दोघांनी लिहावे, दहा जणांनी लिहावे. प्रत्येकाने ते आपल्या शब्दांत लिहिले म्हणजे झाले.

निबंधलेखनाला याहून चांगला धडा नाही. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय कोणाच्या मालकीचा नाही. पाऊस, चिखल, छत्री, गरम भजी ही सारी सामग्री सर्वांसाठी खुली आहे. गाइडमधील निबंध उतरवणारा मुलगा ही सगळी फुकट मिळणारी सामग्री सोडून नेमकी तीच वस्तू उचलतो जी दुसऱ्याची आहे. त्याला तसे समजावून द्यावे. चोरीचा आरोप करण्यापेक्षा हे हिशेबाचे बोलणे मुलांना लवकर पटते.

स्वामित्व किती काळ टिकते, हा तिसरा प्रश्न. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे, ही साठ वर्षे पुढील पंचांगवर्षाच्या आरंभापासून मोजावयाची, असा आपल्याकडे सामान्य नियम आहे. मूळ कायद्यात ही मुदत पन्नास वर्षांची होती. साठ कशी झाली त्याची हकीकत मनोरंजक आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या ग्रंथांचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि १९९१ च्या अखेरीस ते संपणार होते. ते संपू नयेत अशी मागणी झाली आणि मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. निमित्त एका कवीचे, परंतु लाभ सर्वच लेखकांच्या वारसांना झाला. २००१ च्या अखेरीस रवींद्रनाथांचे वाङ्मय सर्वांसाठी मोकळे झाले. गांधीजींचे लेखन २००९ च्या आरंभी आणि साने गुरुजींचे २०११ च्या आरंभी असेच मोकळे झाले. 'श्यामची आई' आज कोणीही प्रकाशक छापू शकतो. कुसुमाग्रजांच्या कवितांना मात्र २०५९ च्या अखेरपर्यंत आणि पु. ल. देशपांडे यांच्या लेखनाला २०६० च्या अखेरपर्यंत संरक्षण आहे. आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर लेखकांची नावे व मृत्यूची साले लिहून हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. वाङ्मयाच्या तासाला थोडे गणित झाले तर बिघडत नाही.

साठ वर्षे हा काळ काहींना फार वाटतो, आणि तसे वाटण्यात गैर नाही. तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती १९२१ साली दारिद्र्यातच वारले. त्यांच्या गीतांचे हक्क मद्रास सरकारने १९४९ साली स्वतःकडे घेतले आणि पुढे ते जनतेला खुले केले. गांधीजींच्या 'हिंद स्वराज' च्या १९१० सालच्या इंग्रजी आवृत्तीवर तर कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत असेच छापले होते. आपल्या कायद्यातही लेखकाला आपला हक्क सोडून देण्याची तरतूद आहे. मराठी विकिपीडियावर लिहिणारे शेकडो लोक आपला मजकूर सर्वांनी वापरावा म्हणूनच लिहितात. अट इतकीच की श्रेय द्यावे आणि त्यातून जे नवे कराल तेही त्याच अटीवर पुढे द्यावे. दान देण्याचा अधिकार ज्याची वस्तू त्यालाच असतो. शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे आपण गावभर वाटले, तर त्याला औदार्य म्हणत नाहीत.

ही तुलना सुचण्याचे कारण दिवाळी अंक. दिवाळीच्या सुमारास अंक बाजारात येतात न येतात तोच त्यांच्या पीडीएफ प्रती मोबाइलवरील गटांतून फिरू लागतात. पाठवणारे सुशिक्षित असतात, वाचनप्रेमी असतात, आणि आपण मराठीची सेवा करीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना अंक सहज मिळत नाहीत ही अडचणही खरी आहे. परंतु मराठीत लेखनावर चरितार्थ चालवणारे थोडे. लेखकाला मानधन मिळते ते अंकाच्या विक्रीतून आणि जाहिरातीतून. आजोबांनी पुढे पाठवलेली पीडीएफ नातू पाहत असतो. त्यानंतर त्याला शाळेत स्वामित्वहक्कावर दिलेले व्याख्यान किती टिकेल?

गीतकारांच्या बाबतीत हा चरितार्थाचा प्रश्न संसदेपर्यंत गेला. चित्रपटासाठी लिहिलेले गीत निर्मात्याला एकदा विकले, की पुढे ते कितीही वाजले तरी कवीच्या आणि संगीतकाराच्या पदरी बहुधा काही पडत नसे. २०१२ च्या सुधारणेने हे बदलले. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता गीताचा अन्यत्र जो वापर होईल, त्याच्या स्वामित्वधनातील समान वाटा गीतकार व संगीतकार यांना सोडून देताच येणार नाही, असा नियम झाला. त्या वेळी राज्यसभेचे सदस्य असलेले कवी जावेद अख्तर यांनी या सुधारणेसाठी विशेष आग्रह धरला होता.

येथवर वाचून एखाद्या शिक्षिकेला धसका बसला असेल, की आता संमेलनात नाट्यप्रवेश बसवायचा की नाही? फळ्यावर कविता लिहायची की नाही? तसे मुळीच नाही. हा कायदा वर्गाच्या दाराशी आल्यावर पुष्कळ मऊ होतो, आणि ही गोष्ट शाळांना ठाऊक नसते हेच दुर्दैव. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कोणत्याही कृतीची नक्कल केली तर कायद्याचा भंग होत नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा दिला, उत्तरात तो लिहिला, तरी होत नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी, टीका किंवा परीक्षण लिहिण्यासाठी रास्त प्रमाणात उतारा घेण्यास मोकळीक आहे. स्नेहसंमेलनात शाळेतील शिक्षकांनी व मुलांनी नाटक करावे, गाणी म्हणावीत. प्रेक्षकांत विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कार्याशी संबंधित मंडळीच असतील तर परवानगीवाचून चालते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकाची ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित प्रत करण्यासही २०१२ पासून मुभा आहे, आणि याच विषयावरील मराकेश करार स्वीकारणारा पहिला देश म्हणजे भारत, हे २०१४ सालचे वृत्त मुलांना अभिमानाने सांगावे.

ही सवलत कोठवर जाते, याची कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील एक झेरॉक्सचे दुकान प्राध्यापकांनी नेमलेल्या निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती काढून त्यांचे संच विद्यार्थ्यांना देत असे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. मूळ पुस्तके एवढी महाग, की एका प्रकरणासाठी ती विकत घेणे सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे; उलट प्रकाशकांचे म्हणणे असे, की संच विकून दुकान आमच्या पुस्तकांचा बाजार मारते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्षणाच्या बाजूने कौल दिला. शिकवण्याच्या हेतूला जेवढे आवश्यक तेवढी नक्कल करण्यास कायद्याची हरकत नाही, आणि शिकवणे म्हणजे केवळ वर्गातील तासभराचे व्याख्यान नव्हे, असे न्यायालयाने मानले. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निकाल योग्य होता. महाग पुस्तकाच्या भिंतीबाहेर विद्यार्थ्याला उभे ठेवून कोणत्याही ग्रंथकाराचे कल्याण होत नाही. मात्र या निकालाचा आधार घेऊन स्वस्तात मिळणाऱ्या मराठी पुस्तकाची सबंध झेरॉक्स वर्गाला वाटणे आणि मग मराठी पुस्तके खपत नाहीत म्हणून खंत करणे, हे त्या निकालाच्या अर्थाला धरून होणार नाही.

संमेलनाच्या बाबतीतही सीमा ओळखावी. तिकीट लावून गावासाठी प्रयोग केला, तर सवलत संपते. आपल्या नाट्यपुस्तकांच्या आरंभीच प्रयोगाच्या परवानगीविषयी सूचना छापलेली असते. ती वाचून नाटककाराला किंवा त्याच्या वारसांना पत्र लिहावे. अलीकडे आणखी एक गोष्ट होते. संमेलनाचे चित्रीकरण शाळेच्या नावाने इंटरनेटवर चढवले जाते. सभागृहात शंभर पालक होते तोवर ठीक. इंटरनेटवर सारे जग प्रेक्षक होते, आणि 'शाळेचे प्रेक्षक' ही अट तेथे उरत नाही. पालकांना तो सोहळा दाखवावयाचा असेल तर त्यांच्यापुरताच पाठवणे बरे.

पैसा, परवानगी, मुदत यांविषयी येथवर सांगितले. पण तुकोबा ज्या गोष्टीने व्यथित झाले ती यांपैकी कोणतीच नव्हती. नावाचा हक्क कायद्याने वेगळा मानला आहे. लेखकाने आपले सारे हक्क विकले तरी 'ही कृती माझी' असे म्हणण्याचा आणि तिची आपल्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. याचे ठसठशीत उदाहरण सरकारच्याच विरुद्धचे आहे. मूर्तिकार अमरनाथ सहगल यांच्याकडून १९५७ साली केंद्र सरकारने दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी एक प्रचंड कांस्य भित्तिशिल्प करवून घेण्याचे ठरवले. काम पुरे व्हायला काही वर्षे लागली. मोबदला दिला गेला होता. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. १९७९ साली नूतनीकरणाच्या वेळी ते भिंतीवरून उतरवण्यात आले आणि कलावंताला न विचारता गोदामात टाकण्यात आले. तेथे त्याचे तुकडे मोडले, काही भाग नाहीसे झाले. सहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले भाग त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. वस्तू विकत घेतली म्हणजे निर्मात्याचा तिच्याशी संबंध तुटत नाही, हा मुद्दा मुलांना या एका गोष्टीतून लख्ख कळतो.

नावाच्या बाबतीत आपण घरीदारी किती निष्काळजी असतो पाहा. मोबाइलवर रोज येणाऱ्या कविता बहुधा निनावी असतात. नाव असलेच तर एखाद्या नवोदित कवीची कविता कुसुमाग्रजांच्या आणि कुणाचा तरी विनोदी लेख पुलंच्या नावाने फिरतो. सालोमालोने दुसऱ्याच्या रचनेला आपले नाव दिले. आपण कुणाच्याही रचनेला कुणाचेही नाव देतो. बहिणाबाई चौधरींचे उदाहरण येथे आठवते. त्या अक्षरशत्रू होत्या. शेतात, जात्यावर सुचलेली त्यांची गाणी पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी लिहून घेतली, आणि १९५२ साली, बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने त्यांच्या नावावर प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. ज्या बाईला स्वतःची सही करता येत नव्हती, तिच्या शब्दांखाली तिचेच नाव छापले गेले म्हणून आज आपण तिला ओळखतो.

भाषांतरकारांविषयीही एक शब्द, कारण हा आमच्याच घरचा प्रश्न आहे. मूळ लेखकाच्या परवानगीने केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचा स्वतंत्र हक्क असतो. तरीही मुलाला 'हे पुस्तक कोणाचे?' असे विचारले की तो मूळ लेखकाचे नाव सांगतो. त्याने जे मराठी वाक्य वाचले ते ज्या माणसाने लिहिले, त्याचे नाव शीर्षकपानावर असूनही त्याच्या ध्यानी आलेले नसते. पुस्तकपरिचय लिहून घेताना लेखक, भाषांतरकार आणि चित्रकार अशी तिन्ही नावे लिहावयास लावावीत.

घरी आणि शाळेत करण्याजोग्या गोष्टी अशा साध्याच आहेत. प्रकल्पवहीत चित्र चिकटवले की त्याखाली 'कोठून घेतले' ही एक ओळ असावी. 'गूगलवरून' हे उत्तर स्वीकारू नये. ते 'बाजारातून' असे सांगण्यासारखे आहे, दुकान कोणते ते कळले पाहिजे. उतारा अवतरणचिन्हांत घेण्याची सवय पाचवीपासून लावता येते. पत्रलेखनाच्या तासाला मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज वर्षानुवर्षे लिहून घेतला जातो. त्याऐवजी एखाद्या हयात कवीला 'आपली कविता आमच्या वार्षिक अंकात छापण्यास अनुमती द्यावी' असे पत्र लिहून घ्यावे आणि ते खरोखरच टपालात टाकावे. वार्षिक अंक छापून घरोघर जातो, त्यामुळे त्यासाठी परवानगी मागणेच योग्य. कवीचे स्वहस्ताक्षरातील उत्तर आले, तर ते पत्र शाळेच्या फलकावर काय काम करील ते सांगावयास नको. प्रश्न टाइप करताच सबंध निबंध लिहून देणारी यंत्रे आता मुलांच्या हाताशी आहेत. तेथे शिक्षकांनी पोलिसी तपास करण्यापेक्षा मुलाला निबंधातील एखादा परिच्छेद तोंडी समजावून द्यायला सांगावे. स्वतः लिहिलेले मूल ते सहज सांगते.

आणि त्या सातवीतील मुलाचे काय? त्याची वही परत करताना 'बालकवींची ही कविता तुला का आवडली, ते आठ ओळींत लिही' असे सांगता येईल. त्या आठ ओळी त्याच्या स्वतःच्या असतील आणि अंकात त्याच्या नावाने छापता येतील.

जाता जाता पालकांना एक सूचना. मुलांसाठी चित्रकला, निबंध, छायाचित्र यांच्या स्पर्धा आता बाराही महिने चालतात. प्रवेशपत्राच्या पाठीमागे बारीक अक्षरात पुष्कळदा असे लिहिलेले असते, की आलेल्या सर्व कृतींचे सर्व हक्क संयोजकांकडे राहतील. पारितोषिक मिळो वा न मिळो, चित्र त्यांचे. कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी व्हावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते. म्हणून मुलाच्या वतीने सही करण्यापूर्वी ते कलम त्याच्यासमवेत वाचावे. चित्र छापताना त्याचे नाव छापणार काय, ते कॅलेंडरवर किंवा जाहिरातीत वापरणार काय, मूळ कागद परत मिळणार काय, हे संयोजकांना पत्राने विचारावे. पत्र मुलाने स्वतः लिहिले तर अधिक चांगले.